आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत

शिकागोत हिवाळ्यात घरासमोरच्या पदपथावरचा बर्फ हटवणं मालकाला बंधनकारक आहे. वसई-विरारला बर्फाचा त्रास नाही. इथला फुटपाथ हरवतो तो पावसाळ्यात. नालासोपाऱ्याच्या आचोळे-तुळींज भागात पाणी भरलं, की रस्ता कुठे संपला आणि गटार कुठे सुरू झालं हे डोळसालाही कळत नाही. पांढरी काठी टेकवणाऱ्याने काय करायचं?

कायद्याने हा विचार फार आधी केला होता. 1995च्या अपंग व्यक्ती कायद्यात व्हीलचेअरसाठी पदपथांना उतार द्यावेत, असं स्पष्ट लिहिलं होतं. पुढे एक शेपूट मात्र होतं: 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत'. या शेपटाने पुढची वीस वर्षं खाल्ली. 3 जुलै 2009 रोजी चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. 2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाखांवर गेली. इमारती भराभर उठल्या. फुटपाथ बऱ्याच ठिकाणी गटारावर टाकलेल्या झाकणांपुरताच राहिला.

जुलै 2018च्या पुरात वसई-विरारदरम्यान लोकल बंद पडल्या आणि धडधाकट माणसंही घरात अडकली. दिव्यांगांना अशा अडकण्यासाठी एवढा मोठा पूर लागत नाही. तुटलेलं एक झाकण किंवा उखडलेले चार पेव्हर ब्लॉक पुरतात.

दरम्यान 2016चा नवा कायदा आला. सार्वजनिक इमारती सुगम करायला त्याचे नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. ती मुदत जून 2022मध्ये संपली. मुंबईत फुटपाथच्या तोंडाशी ठोकलेल्या खांबांमुळे व्हीलचेअर आत जाईना, तेव्हा 2023मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. (दुचाक्या अडवायला लावलेले खांब, अडले भलतेच!) नोव्हेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसते शिफारसवजा असल्याचं सांगून ते बंधनकारक करण्याचे आदेश दिले. मे 2025मध्ये त्याच न्यायालयाने वापरण्याजोगा पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012च्या मार्गदर्शिकेत मापंही आहेत: किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी, उंची 150 मिलिमीटरहून जास्त नाही. महापालिकेने दिव्यांगांसाठी राखायचा 5 टक्के निधीही आहे. त्यातला किती पैसा स्टेशनपर्यंतच्या वाटेवर खर्च झाला, याचा प्रभागवार हिशेब महापालिकेने दरवर्षी पावसाळ्याआधी जाहीर करावा.