संगणक-आरंभणातील दोषनिदान

नवीन यंत्रभाग बसविल्यानंतर वैयक्तिक संगणक सुरू होऊन परिचालन प्रणालीपर्यंत पोहोचत नसेल, तर दोष नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे क्रमाने शोधून काढण्याच्या पद्धतीस संगणक-आरंभणातील दोषनिदान असे म्हणतात. स्मृतिपट्टी, ग्राफिक्स कार्ड, साठवण-साधन, प्रक्रियक किंवा विद्युत् पुरवठा एकक यांपैकी एखादा भाग बदलल्यावर वा नव्याने जोडल्यावर असा प्रसंग येतो. अशा वेळी नवीन भागच सदोष आहे असा समज प्रथम होतो. तथापि पुष्कळदा भाग निर्दोष असून त्याची बसवणी, त्याला मिळणारी विद्युत् शक्ती, जुन्या भागांशी असलेली त्याची सुसंगती किंवा आरंभणाची मांडणी यांत दोष असतो. निदान न करता केलेल्या उपायांमुळे चांगले भाग टाकून दिले जातात आणि परिचालन प्रणाली नव्याने बसविण्याच्या घाईत साठविलेली माहिती कायमची नष्ट होण्याचा संभव असतो. म्हणून निदानाच्या क्रमाला महत्त्व आहे.

आरंभणाचे टप्पे : संगणक सुरू करण्याच्या क्रियेस ‘बूट’ म्हणतात. स्वतःच्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलणे, या अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारावरून ही संज्ञा आली आहे. डिस्कवरील आज्ञावली वाचण्यासाठी स्मृतीत दुसरी एखादी आज्ञावली आधीच असावी लागते. ही अडचण दूर करण्यासाठी मदरबोर्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुख्य मंडलफलकावरील चिपमध्ये एक कायमस्वरूपी आज्ञावली ठेवलेली असते. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसी या संगणकापासून ती ‘बायॉस’ या नावाने रूढ झाली. पुढे तिची जागा ‘यूईएफआय’ या अधिक विस्तृत पद्धतीने घेतली. या पद्धतीच्या मानकांचे काम पाहणारा मंच २००५ मध्ये स्थापन झाला.

आरंभणाचे चार टप्पे मानता येतात. (१) विद्युत् पुरवठा एकक चालू होऊन त्याचे दाब स्थिर होतात आणि ‘दाब योग्य आहेत’ असा संकेत ते मंडलफलकाला देते. (२) हा संकेत मिळाल्यावर प्रक्रियक कायमस्वरूपी आज्ञावलीतील आज्ञा पाळू लागतो. स्मृती, ग्राफिक्स आणि इतर भाग यांची तपासणी होते. या तपासणीस ‘पोस्ट’ (आरंभिक स्वयंपरीक्षा) म्हणतात. (३) ठरलेल्या अग्रक्रमानुसार आरंभण-साधन, म्हणजे बहुधा एखादी डिस्क, शोधले जाते. (४) त्या साधनावरील भारक आज्ञावली परिचालन प्रणालीचा गाभा स्मृतीत आणते आणि तो गाभा आपापल्या चालक आज्ञावलींच्या साहाय्याने सर्व भागांचा ताबा घेतो. यांतील प्रत्येक टप्पा मागील टप्प्यावर अवलंबून असतो. त्यामुळे संगणक कोठे थांबला हे कळले म्हणजे त्याआधीचे टप्पे सामान्यतः ठीक आहेत असे मानून शोधाचे क्षेत्र कमी करता येते.

लक्षणांवरून अनुमान : कळ दाबूनही पंखे मुळीच फिरत नसतील, तर दोष पहिल्या टप्प्यात असतो. पंखे क्षणभर फिरून थांबत असतील, तर मंडलात कोठे तरी लघुमंडल झालेले असते, भार पेलत नसतो किंवा प्रक्रियकाला वीज देणारी जोडणी अपुरी असते. पंखे फिरत राहतात पण पडद्यावर काहीच उमटत नाही, हे दुसऱ्या टप्प्यातील दोषाचे लक्षण होय. निर्मात्याचे चिन्ह दिसून ‘आरंभण-साधन सापडत नाही’ असा संदेश आल्यास तिसऱ्या, तर परिचालन प्रणाली सुरू होता होता संगणक थांबल्यास किंवा पुन्हापुन्हा आरंभण होऊ लागल्यास चौथ्या टप्प्याकडे लक्ष द्यावे लागते.

दुसऱ्या टप्प्यात पडदा उपलब्ध नसल्याने संगणक ध्वनीने संकेत देतो. आयबीएम पीसीमध्ये एक लघु ध्वनी म्हणजे तपासणी सुरळीत, तर एक दीर्घ व दोन लघु ध्वनी म्हणजे पडदा-कार्डाचा दोष, असा संकेत होता. इतर निर्मात्यांचे संकेत निराळे असल्याने ते त्या त्या मंडलफलकाच्या पुस्तिकेतूनच पहावे लागतात. तपासणीच्या प्रत्येक पायरीचा क्रमांक षोडशमान पद्धतीतील दोन अंकांत दाखविणारी दर्शके, तसेच प्रक्रियक, स्मृती, ग्राफिक्स आणि आरंभण यांसाठीचे चार लहान दिवे अनेक अलीकडील मंडलफलकांवर असतात. ज्या पायरीवर अंक वा दिवा स्थिर राहतो, ती पायरी पूर्ण झालेली नसते.

विद्युत् पुरवठा : आयबीएम पीसीचे मूळ विद्युत् पुरवठा एकक ६३.५ वॉटचे होते. त्या काळच्या हार्ड डिस्कसाठी ते अपुरे होते; शिवाय त्या संगणकाच्या आरंभीच्या बायॉसमध्ये जोडकार्डावरील आज्ञावली शोधून चालविण्याची सोय नव्हती. त्यामुळे हार्ड डिस्क जोडली, तरी तिच्यावरून आरंभण होत नसे. ऑक्टोबर १९८२ च्या बायॉसमध्ये ही सोय आली आणि १९८३ च्या एक्सटी या संगणकात १३० वॉटचे एकक बसविण्यात आले. शक्ती आणि सुसंगती या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आड येऊ शकतात, याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

आधुनिक ग्राफिक्स कार्डाला पीसीआय एक्सप्रेस खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॉट शक्ती मिळते. याहून अधिक शक्ती लागणाऱ्या कार्डांना स्वतंत्र केबल जोडावी लागते. मानकानुसार सहा टाचण्यांची जोडणी ७५ वॉट व आठ टाचण्यांची १५० वॉट शक्ती पुरविते. ही केबल जोडण्याचे राहून गेल्यास पडदा काळा राहतो. ६०० वॉटपर्यंत शक्ती वाहून नेणाऱ्या नव्या जोडणीत ती पूर्णपणे न बसल्यास संपर्कबिंदू तापून वितळल्याची उदाहरणे २०२२ पासून नोंदली गेली आहेत. प्रक्रियकाजवळची चार वा आठ टाचण्यांची जोडणी विसरल्यास पंखे फिरतात, परंतु तपासणी सुरू होत नाही. सुट्या केबलींच्या विद्युत् पुरवठा एककांबाबत विशेष सावधगिरी आवश्यक असते : एका निर्मात्याची केबल दुसऱ्याच्या एककात बसली, तरी तारांचा क्रम भिन्न असू शकतो आणि त्यामुळे डिस्क क्षणात जळू शकते.

स्मृती : निरनिराळ्या पिढ्यांच्या स्मृतिपट्ट्यांचे विद्युत् दाब वेगळे असतात. डीडीआर-३ पट्टीचा प्रमाण दाब १.५ व्होल्ट, डीडीआर-४ चा १.२ व्होल्ट व डीडीआर-५ चा १.१ व्होल्ट आहे. चुकीची पट्टी बसू नये म्हणून प्रत्येक पिढीत खोचेची जागा बदललेली असते. म्हणून पट्टी सहज बसत नसल्यास जोर न लावता तिचा प्रकार तपासावा. पट्टी एका टोकाने किंचित वर राहणे, हा सर्वांत सामान्य दोष होय. चार खाचांच्या मंडलफलकावर दोन पट्ट्या बहुधा प्रक्रियकाकडून मोजता दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवाव्या लागतात. जुन्या व नव्या पट्ट्या स्वतंत्रपणे चालत असूनही एकत्र चालत नाहीत, असेही घडते. कारण एकत्र असताना त्यांची वेळमापने जुळावी लागतात आणि स्मृति-नियंत्रकावरील भारही वाढतो. डीडीआर-५ स्मृती प्रथमच बसविल्यावर तिची वेळमापने जुळविण्यास संगणकाला काही मिनिटे लागू शकतात. या अवधीत पडदा काळाच असतो. त्यास दोष समजून वीज बंद केल्यास ही क्रिया पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

प्रक्रियक व ग्राफिक्स कार्ड : नवीन प्रक्रियक खोबणीत बसतो, एवढ्यावरून मंडलफलक त्याला ओळखेलच असे नाही. उदा., एएम-४ खोबणीच्या अनेक जुन्या मंडलफलकांवर २०२० साली आलेले रायझन ५००० मालिकेतील प्रक्रियक चालविण्यासाठी बायॉसची नवी आवृत्ती आवश्यक होती. अशी आवृत्ती जुना प्रक्रियक जागेवर असतानाच भरावी लागते. काही मंडलफलकांवर मात्र प्रक्रियकाविना ती भरण्याची सोय असते. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत पडद्याची केबल नव्या कार्डाऐवजी मंडलफलकावरील जुन्याच द्वाराला जोडलेली राहिल्याने संगणक बंद असल्याचा भास होतो. यूईएफआय पद्धतीला अनुरूप आज्ञावली नसलेली जुनी कार्डेही शुद्ध यूईएफआय मांडणीत आरंभी चित्र दाखवीत नाहीत.

साठवण-साधने : नवी डिस्क जोडल्यावर आरंभणाचा अग्रक्रम बदलून संगणक रिकाम्या डिस्कवर प्रणाली शोधू लागतो. येथे अग्रक्रम पूर्ववत करणे एवढाच उपाय असतो. अनेक मंडलफलकांवर एम.२ खाच आणि साटा द्वारे यांचे वाहकमार्ग सामाईक असतात, त्यामुळे एम.२ साधन बसविताच ठरावीक साटा द्वारे बंद पडतात व त्यांना जोडलेली जुनी डिस्क दिसेनाशी होते. ती डिस्क निकामी झालेली नसते; तिची केबल दुसऱ्या द्वाराला जोडली की ती पुन्हा दिसते. पूर्वी डिस्कच्या क्षमतेच्या मर्यादाही आड येत. सु. ३३.८ अब्ज बाइटांपेक्षा मोठी डिस्क जोडताच १९९० नंतरच्या दशकातील काही बायॉस तपासणीतच थिजत. यासाठी डिस्कवर तिची क्षमता कमी भासविणारा जंपर दिलेला असे.

विरोधी मांडणी : जुन्या विस्तार-खाचांत प्रत्येक कार्डाला व्यत्यय-वाहिनीचा क्रमांक जंपरने नेमून द्यावा लागे. मूळ पीसीत अशा आठ वाहिन्या होत्या. एकच क्रमांक दोन कार्डांना दिला गेल्यास एक कार्ड निष्क्रिय होई किंवा संगणक थबके. १९९२ मध्ये पीसीआय मानक आले व नंतर स्वयंमांडणीची पद्धत रूढ झाली. त्यामुळे हे काम संगणकाकडे गेले व असे विरोध पुष्कळच कमी झाले.

परिचालन प्रणालीतील दोष : तपासणी पूर्ण होऊनही प्रणाली सुरू होत नसल्यास कारण बहुधा मांडणीत असते. लिनक्समध्ये डिस्कना सापडण्याच्या क्रमाने नावे मिळत असल्याने नव्या डिस्कमुळे जुन्या डिस्कचे नाव बदलू शकते आणि ठरलेल्या नावाची डिस्क न मिळाल्याने प्रणाली आणीबाणीच्या अवस्थेत थांबते. म्हणून नावाऐवजी प्रत्येक विभागाचा एकमेव ओळखक्रमांक वापरतात. विंडोजमध्ये डिस्क-नियंत्रकाची कार्यपद्धती बदलल्यास आरंभण-साधनच तिच्या हाती लागत नाही. बिटलॉकरने डिस्क सांकेतिक केलेली असल्यास यंत्रभागातील बदल सुरक्षा-चिपला संशयास्पद वाटून ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली मागितली जाते. ती किल्ली उपलब्ध नसेल, तर डिस्क ठीक असूनही माहिती मिळत नाही. यासाठी यंत्रभाग बदलण्यापूर्वी किल्ली लिहून ठेवणे व माहितीची प्रत काढणे अत्यावश्यक ठरते.

निदानाची पद्धत : प्रथम नवीन भाग काढून संगणक पूर्वस्थितीत आणतात. तो सुरू झाला, तर दोष नव्या भागाशी संबंधित आहे एवढेच सिद्ध होते. भाग निकामी असल्याचे सिद्ध होत नाही, कारण शक्तीची कमतरता किंवा विसंगती हीही कारणे असू शकतात. तो भाग दुसऱ्या सुसंगत संगणकात चालवून पाहिल्यावरच निर्णय करता येतो. पूर्वस्थितीतही संगणक सुरू न झाल्यास काम करताना एखादी जुनी जोडणी सैल झाली असावी किंवा एखाद्या भागास इजा झाली असावी, असे अनुमान निघते.

अशा वेळी किमान रचना वापरतात : मंडलफलक, प्रक्रियक व त्याचा शीतक, एकच स्मृतिपट्टी, विद्युत् पुरवठा एकक आणि पडदा एवढेच ठेवून इतर सर्व भाग काढले जातात. प्रक्रियकात ग्राफिक्सची सोय नसल्यास कार्डही ठेवावे लागते. ही रचना चालू लागल्यावर एकेक भाग जोडून प्रत्येक वेळी संगणक सुरू करून पाहतात. एका वेळी एकच बदल करणे हा या पद्धतीचा मुख्य नियम होय. दोन बदल एकत्र केल्यास कोणत्या बदलाचा परिणाम झाला हे कळत नाही.

मांडणीची साठवण पुसून ती मूळ स्थितीत आणण्यासाठी मंडलफलकावरील दोन टाचण्या क्षणभर जोडतात किंवा ३ व्होल्टची नाण्याच्या आकाराची विद्युत् घटमाला काही मिनिटे काढून ठेवतात. यामुळे स्मृतीची अतिवेगवान मांडणी रद्द होते. पण त्याबरोबरच घड्याळ, अग्रक्रम व डिस्क-नियंत्रकाची कार्यपद्धतीही बदलते. म्हणून शक्य असल्यास आधीच्या मांडणीची नोंद करून ठेवावी.

दक्षता : कळ बंद असली, तरी मुख्य पुरवठा जोडलेला असेपर्यंत मंडलफलकावर ५ व्होल्टचा प्रतीक्षा-दाब असतो. म्हणून भाग काढण्या-बसविण्यापूर्वी भिंतीवरील पुरवठा तोडून नंतर कळ एकदा दाबावी, म्हणजे उरलेला विद्युत् भार निघून जातो. माणसाला स्थिर विद्युतेचा झटका सु. ३,००० व्होल्ट दाबाला जाणवतो, तर संकलित मंडलांना त्याहून पुष्कळ कमी दाबानेही इजा होऊ शकते. कोरड्या हवेत हा धोका अधिक असतो. म्हणून भू-संपर्कित धातूला स्पर्श करून किंवा मनगटपट्टी बांधून काम करतात. विद्युत् पुरवठा एकक स्वतः कधीही उघडू नये. त्यातील धारित्रांत पुरवठा तोडल्यानंतरही घातक दाब शिल्लक राहू शकतो.