दुनाळी आजोबांची, रायफल नातीची

जळगाव जिल्ह्यात वरणगावच्या आयुध निर्माणीत १९६४ पासून लष्करासाठी काडतुसं तयार होतात. त्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्यातल्या उमर्टीकडून चोपड्याच्या वाटेने आलेले गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या सतत येतात. या दोन्हींच्या मध्ये घराघरांतली दोन साधी हत्यारं आहेत. एक म्हणजे आजोबांच्या नावावरची बाराबोर, दुसरं म्हणजे नेमबाजी शिकणाऱ्या मुलीसाठी घ्यायची एअर रायफल. त्यांच्याविषयी मात्र नीट माहिती देणारं माणूस सापडत नाही.

खान्देशाला शिकारीचा इतिहास मोठा आहे. १८१९ मध्ये वाघाच्या मागावर निघालेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली. १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी करणाऱ्या इंग्रज अधिकारी आउट्रमच्या दहा वर्षांतल्या शिकारींत १९१ वाघ मारले गेल्याची नोंद आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते पर्व मिटवलं आणि ते योग्यच झालं. आज शिकारीसाठी बंदूक घेतो असं म्हणायला जागा उरलेली नाही. पोपट किंवा मोरावर एअरगन रोखणं हाही गुन्हाच आहे. खेळाची बंदूक म्हणजे आता कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर चालणारी बंदूक. रावेर-यावलच्या केळीत रानडुकरं शिरतात, तो प्रश्न खरा आहे. पण त्याची वाट वनखात्याच्या परवानगीतून जाते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून धुळे-जळगावचे पालकही रायफलची चौकशी करू लागले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘ताकद किती?’ हा प्रश्न आधी मनातून काढून टाका. दहा मीटरच्या स्पर्धेतला ४.५ मिलिमीटरचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने जातो. ऊर्जा भरते आठ ज्यूलच्या आसपास. ‘शस्त्र नियम २०१६’ प्रमाणे ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त किंवा नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी असली की एअरगनलाही परवाना लागतो. म्हणजे दहा मीटरच्या जागतिक विजेत्याची एअर रायफल या मर्यादेच्या निम्म्यालाही पोचत नाही. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा आहे, आणि तो टिपायला ताकद नाही, स्थैर्य लागतं.

म्हणून रायफल अंगाच्या मापाने घ्या. मुलीला कोपर काटकोनात वाकवायला सांगा, दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवा आणि तर्जनीचं पहिलं पेर चापापर्यंत सहज पोचतं का ते पाहा. पोचत नसेल तर दस्ता लांब आहे. गाल टेकायची पट्टी आणि खांद्याकडची पट्टी मागेपुढे, वरखाली सरकणारी हवी. मूल वाढतं, रायफल वाढत नाही. स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंतचं वजन चालतं, पण बारा वर्षांच्या पोरीला तेवढं उचलायला लावू नका. डोळा कोणता जोरकस आहे तेही दुकानात जाण्याआधी घरीच बघा. दोन्ही हातांचे पंजे जोडून मध्ये लहान फट ठेवायची, त्यातून लांबचा विजेचा खांब पाहायचा आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने खांब फटीतच राहतो, तो जोरकस. उजव्या हाताच्या कितीतरी मुलांचा डावा डोळा जोरकस निघतो.

सुरुवातीला नळी मोडून भरायची स्प्रिंगची रायफल पुरते. तिची दोन पथ्यं. छर्रा न घालता चाप ओढायचा नाही; पिस्टनला हवेची उशी मिळत नाही, तो आदळतो आणि सील फाटतं. नळी मोडलेली असताना तर चापाला बोटही लावायचं नाही. ती उसळून मिटते आणि बोटं चिरडतात. पुढे हवेच्या टाकीची रायफल घ्याल, बहुधा वापरलेली. तेव्हा रंग आणि ओरखडे नंतर बघा, आधी टाकीवर कोरलेली तारीख वाचा. मुदत संपलेली टाकी स्पर्धेत चालत नाही, आणि घरातही भरू नये. आपल्या मे महिन्यात एक धोका जास्तीचा आहे. २५ अंशांना २०० बार दाबाने भरलेली टाकी बंद गाडीत ६० अंशांपर्यंत तापली, तर दाब २२३ बारच्या घरात जातो. मैदानावरून परतताना रायफल डिकीत विसरू नका. टाकीच्या तोंडाशी घरातलं कुठलंही तेल लावू नका. दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही.

आता आजोबांची दुनाळी. वर्षानुवर्षं चामड्याच्या म्यानात ठेवलेली बंदूक पावसाळ्यात आतून गंजते, कारण चामडं ओल धरून ठेवतं. रिकामी आहे याची खात्री करून ती मागच्या बाजूने गजाने पुसावी, तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि कोरड्या कुलूपबंद कपाटात ठेवावी. काडतुसं वेगळ्या कुलपात. नळीवर नागमोडी जाळी दिसली तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वळून केलेली जुनी नळी आहे. तिच्यात आजची काडतुसं घालायची नाहीत. जुन्या बंदुकांत काडतुसाचं घर अनेकदा ६५ मिलिमीटरचं असतं. ७० चं काडतूस त्यात बसतं आणि तिथेच घात होतो, कारण उडताना त्याच्या तोंडाची घडी उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो.

विकायची असेल तर गिऱ्हाइकाइतकंच कागदाकडे लक्ष द्या. परवान्याची बंदूक परवानाधारकालाच विकता येते. त्याचा नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचा आणि ४५ दिवस थांबायचं. त्याआधी ‘घेऊन जा, कागद नंतर’ असं पाहुण्यालाही म्हणायचं नाही. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा झाला आहे.

सर्वांत जास्त गफलत वारसाच्या वेळी होते. आजोबा गेले, बंदूक माळ्यावर राहिली, परवाना संपला. घरच्यांच्या नकळत ती विनापरवाना होते. अशा वेळी ती आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, मग वारसाने अर्ज करायचा. आजोबा हयात असतील आणि सत्तरी ओलांडली असेल, किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे असेल, तर ते स्वतःच वारस सुचवू शकतात. ते बोलते-चालते असतानाच हे करून घ्या. जमा केल्याच्या पावतीवर नळीवरचा क्रमांक लिहिला आहे ना, तो अंक न् अंक ताडून मगच ठाण्यातून निघा.