नामव्यापार आणि मराठी : तुरखिया बंधूंच्या उद्योगाचा भाषिक अन्वयार्थ

शब्द आणि वस्तू यांचा संबंध यादृच्छिक असतो, हा आधुनिक भाषाशास्त्राचा एक पायाभूत सिद्धान्त होय. त्याचबरोबर शब्द ही कोणा एकाची मालमत्ता नसते, हेही गृहीत धरले जाते. ‘तेर’ हा शब्द उच्चारण्यासाठी कोणास शुल्क द्यावे लागत नाही, आणि एकाने तो वापरला म्हणून दुसऱ्यास वर्ज्य होत नाही. आंतरजालावरील पत्त्यांच्या, म्हणजेच डोमेन-नामांच्या व्यवहारात मात्र हे दुसरे गृहीत लागू पडत नाही. तेथे एक नाव एका वेळी एकाच धारकाचे असते व त्याचे शुल्क भरावे लागते. हा व्यवहार कसा उभा राहिला, महाराष्ट्रातील एका उद्योगाने त्यात कोणता मार्ग चोखाळला, आणि मराठीच्या वाट्यास त्यातून काय आले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संगणक एकमेकांस अंकांनी ओळखतात. हे अंक मनुष्याच्या स्मरणात राहणे कठीण असल्यामुळे १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी अंकांच्या जागी नावे योजण्याची पद्धती सिद्ध केली. या नावांत बिंदूच्या उजवीकडील शेवटचा घटक सर्वांत वरच्या पातळीचा असतो. ‘कॉम’, ‘ऑर्ग’, ‘नेट’ ही त्याची परिचित उदाहरणे. अशा प्रत्येक अन्त्यनामाची मूळ नोंदवही सांभाळणारी संस्था म्हणजे रजिस्ट्री. त्या वहीत ग्राहकाचे नाव नोंदवून देणारा तो रजिस्ट्रार. आणि रजिस्ट्रारच्या वतीने गावोगावी नावे पुरविणारा तो किरकोळ विक्रेता. ग्राहकास नाव कायमचे विकत मिळत नाही. खंडाने करावयास घेतलेल्या शेताप्रमाणे ते ठराविक मुदतीपुरते मिळते, व मुदत संपताच पुन्हा पैसे न भरल्यास हातचे जाते. या व्यवसायाचे उत्पन्न मुख्यतः या वारंवार भरल्या जाणाऱ्या खंडातून येते.

१९९० नंतरच्या दशकात ‘कॉम’ची नोंदणी अमेरिकेतील एकाच कंपनीच्या हाती होती. १९९८ साली ‘आयकॅन’ ही नियामक संस्था स्थापन झाली व १९९९ पासून नोंदणीचे क्षेत्र अनेक रजिस्ट्रारांस खुले झाले. याच सुमारास, १९९८ साली, मुंबईत भाविन आणि दिव्यांक तुरखिया या बंधूंनी ‘डायरेक्टी’ या कंपनीचा आरंभ केला. त्या वेळी थोरले अठरा वर्षांचे व धाकटे सोळा वर्षांचे होते. भांडवल म्हणून वडिलांकडून पंचवीस हजार रुपये कर्जाऊ घेतले होते. त्यांनी पुढे ‘रिसेलर क्लब’ या नावाने किरकोळ विक्रेत्यांस घाऊक पुरवठा करणारी व ‘बिगरॉक’ या नावाने थेट ग्राहकांस नावे देणारी अशा दोन शाखा विकसित केल्या. २०१४ साली या शाखा अमेरिकेतील ‘एन्ड्युरन्स’ या कंपनीने विकत घेतल्या. दिव्यांक यांनी पुढे दुबईस वास्तव्य केले.

भाषेच्या अभ्यासकास अधिक उद्बोधक आहे तो या उद्योगाचा पुढील टप्पा. २०१२ साली आयकॅनने नव्या अन्त्यनामांसाठी अर्ज मागविले. प्रत्येक अर्जाचे शुल्क १ लाख ८५ हजार डॉलर होते, तरीही एकूण १९३० अर्ज आले. तुरखियांनी ‘रॅडिक्स’ ही नवी कंपनी संयुक्त अरब अमिरातीत स्थापून ३१ अर्ज केले; केवळ अर्जशुल्काचीच रक्कम ५७ लाख डॉलरांवर गेली. विक्रेत्याच्या भूमिकेतून ते आता मूळ नोंदवहीच्या मालकीकडे वळले होते. त्यांतून बाजारात आलेली ‘ऑनलाइन’, ‘स्टोअर’, ‘टेक’, ‘साइट’, ‘वेबसाइट’, ‘स्पेस’, ‘प्रेस’, ‘होस्ट’ ही नावे पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते : हे सर्व इंग्रजीतील अगदी सामान्य शब्द आहेत. व्यापारचिन्हासाठी अपूर्व शब्द घडविला जातो. येथे उलट जो शब्द जितका सर्वांचा, तितके त्याचे मोल अधिक. शब्दाचा प्रसार हेच भांडवल ठरते, आणि तो प्रसार भाषिक समाजाने शतकानुशतके घडविलेला असतो, मालकाने नव्हे.

या व्यवस्थेत मराठी नावाचे काय होते, हे पाहण्यासाठी धाराशिव जिल्ह्यातील ग्रामनामे उपयुक्त ठरतात. या जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव २०२३ साली अधिकृतपणे बदलून धाराशिव झाले, व त्यासरशी असंख्य कार्यालयांपुढे नव्या नावाच्या रोमन लेखनाचा प्रश्न उभा राहिला. मूळ डोमेन-पद्धतीत सव्वीस रोमन अक्षरे, दहा अंक आणि संयोगरेषा एवढीच सदतीस चिन्हे चालतात. त्यांत ‘नळदुर्ग’मधील ळकार व ‘तुळजापूर’मधील ळकार लकारात विलीन होतात, ‘तेर’ आणि ‘टेर’ यांत भेद उरत नाही, ‘धाराशिव’मधील दीर्घ आकार ऱ्हस्वापासून वेगळा दाखविता येत नाही, आणि शेवटी रोमन ‘ए’ लिहावा की नाही याबद्दल दुमत राहते. प्रत्येक पर्यायी लेखन हे संगणकाच्या लेखी स्वतंत्र नाव असल्यामुळे, नाव सुरक्षित ठेवू इच्छिणाऱ्यास त्या सर्वांचा खंड भरावा लागतो. लिप्यंतरातील शैथिल्य हे अशा रीतीने व्यापाराचे एक साधन बनते.

यावर देवनागरी हा उपाय सुचतो, व तो आज तांत्रिकदृष्ट्या उपलब्ध आहे. २००३ च्या प्रमाणसंहितेनुसार रोमनेतर नावाचे एका सांकेतिक रोमन रूपात परिवर्तन होऊ लागले. भारतात पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांसाठी नियम तयार करण्याच्या कार्यात भाग घेतला, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरी ‘.भारत’ हे अन्त्यनाम मराठीसह आठ भाषांसाठी खुले झाले. तथापि लिपी आली म्हणजे भाषेचे सर्व प्रश्न सुटले, असे नव्हे. मराठीत ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ हे दोन भिन्नार्थी शब्द आहेत. यांतील दुसऱ्याचा अर्धा रकार रकारानंतर अदृश्य जोडचिन्ह घालूनही लिहिता येतो. परंतु २००३ ची संहिता ते चिन्ह गाळून टाकीत असल्यामुळे दोन्ही शब्द एकच होत. २००८ च्या सुधारित संहितेने हे चिन्ह विशिष्ट संदर्भांत मान्य केले. अन्त्यनामांच्या पातळीवर मात्र ते निषिद्धच राहिले, आणि तेथे मराठीसाठी ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाचा आधार घ्यावा लागला. नव-ब्राह्मी लिप्यांच्या तज्ज्ञमंडळाने देवनागरीसह नऊ लिप्यांची ही नियमावली २०२० पर्यंत पूर्ण केली. उलटपक्षी ‘कळंब’ आणि ‘कळम्ब’ ही एकाच उच्चाराची दोन लेखने यंत्राला दोन भिन्न नावे वाटतात. पहिल्या उदाहरणात यंत्र खरा भेद पुसते, तर दुसऱ्यात नसलेला भेद निर्माण करते.

याहून मूलगामी प्रश्न शब्दनिवडीचा आहे. २०१२ च्या फेरीतून देवनागरीत ‘.कॉम’, ‘.नेट’ व ‘.संगठन’ ही अन्त्यनामे आली. पहिली दोन इंग्रजी संक्षेपांची केवळ लिप्यंतरे होत. तिसरे हिंदीतील आहे. मराठी मनुष्य ‘संघटना’ म्हणतो. देवनागरीत लिहिले म्हणून ते मराठी होत नाही. मराठीचा असा एकही शब्द, जो तिच्या शेजारच्या भाषांचा नाही, या वरच्या पातळीवर अद्याप दिसत नाही.

याचा दोष कोणा उद्योजकास देणे अप्रस्तुत ठरेल. ज्या शब्दास ग्राहक मिळेल त्यातच तो भांडवल गुंतविणार. आणि मराठी लेखक-वाचकच आपला पत्ता रोमनमध्ये लिहीत असतील, तर मराठी शब्दास बाजारभाव येणार नाही. तुरखियांच्या कारकिर्दीचा भाषिक धडा हाच की, डोमेन-नामांच्या बाजारात शब्दाची किंमत त्याच्या वापरावर ठरते. आयकॅनने पुढील फेरीच्या अर्जांसाठी २०२६ साल मुक्रर केले व शुल्क २ लाख २७ हजार डॉलर ठरविले. एवढी रक्कम उभारणे विद्यापीठाच्या भाषाविभागाचे कार्य नव्हे. परंतु जिल्ह्यातील ग्रामनामांचे प्रमाण देवनागरी लेखन निश्चित करणे, त्यांच्या पर्यायी लेखनांची सूची करणे आणि कोणते दोन लेखनप्रकार एक मानावेत याचे भाषाशास्त्रीय निकष देणे, हे कार्य त्याच्याच कक्षेतील आहे. ते झाले नाही, तर हे निर्णय ज्यांना ‘कळंब’चा उच्चारही ठाऊक नाही त्यांच्याकडून घेतले जातील.