ठळक भौमितिक अक्षरे आणि गावाची पाटी

पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढू लागले की सांगलीकरांची नजर आयर्विन पुलाकडे लागते. तेथे ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. अशा वेळी ग्रामपंचायतीच्या फलकावरील सूचना भर पावसात, दुरून आणि क्षणात वाचता आली पाहिजे. म्हणूनच अक्षराचे वळण हा केवळ शोभेचा विषय नव्हे.

देवनागरीचे परंपरागत वळण बोरूने घडविले. त्याच्या तिरप्या टोकामुळे एकाच अक्षरात कोठे जाड तर कोठे बारीक रेषा येते. भौमितिक वळणात मात्र वर्तुळ व सरळ रेषा यांच्या आधारे अक्षराची रचना होते आणि रेषेची जाडी जवळजवळ सारखी राहते. रोमन लिपीत पॉल रेनर यांचा १९२७ मधील ‘फ्युचुरा’ हा त्याचा प्रसिद्ध नमुना होय. देवनागरीसाठी इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये ‘पॉपिन्स’ हा फॉन्ट प्रसिद्ध केला. त्याची देवनागरी अक्षरे निनाद काळे यांनी व रोमन अक्षरे जॉनी पिनहॉर्न यांनी रेखिली. तो मुक्त परवान्याखाली असल्याने शाळा व ग्रामपंचायतींना विनामूल्य वापरता येतो. त्यातील देवनागरी अक्षरांची उंची रोमन लिपीतील उंच दांड्याच्या अक्षरांइतकी ठेवली असल्यामुळे द्विभाषिक फलकावर दोन्ही लिपी जुळून दिसतात.

डोळ्यांना सारखी भासणारी ही जाडी मोजमापाने सर्वत्र सारखी नसते. काना व वाटोळी रेषा जेथे मिळतात, तेथे काळेपणा साचतो. म्हणून रेखनकार त्या ठिकाणी रेषा किंचित बारीक करतो. तरीही अक्षर जितके ठळक, तितकी त्याच्या पोटातील मोकळी जागा कमी होते. ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद पुसट होण्याचा संभव तेथेच असतो. त्यामुळे अतिठळक वळण शीर्षक, पाटी व अल्प सूचना यांपुरते ठेवावे. वाईहून सिद्ध होणाऱ्या मराठी विश्वकोशासारख्या दीर्घ मजकुराला ते मानवणार नाही.

दुसरी कसोटी मराठीपणाची आहे. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला व अक्षररूपे निश्चित झाली. १० नोव्हेंबर २०२२ रोजी त्याबाबत सुधारित निर्णय निघाला. देठाचा ‘श’ व पाकळीचा ‘ल’ ही मराठीची ओळख आहे. अनेक फॉन्टांत मात्र हिंदी वळणाची रूपे प्रथम येतात. यास्तव फलक रंगविण्यापूर्वी ‘शिराळा’, ‘पलूस’, ‘म्हसवड’, ‘ब्रह्मनाळ’ आणि ‘कऱ्हाड’ ही नावे छापून पाहावीत. ‘कऱ्हाड’मधील अर्धा र डोक्यावरच्या रफारात बदलला, तर ती अक्षररचना मराठीसाठी स्वीकारू नये.

अखेरची परीक्षा सोपी व बिनखर्चाची आहे. सूचनेचा नमुना भिंतीवर लावून रस्त्याच्या पलीकडून एखाद्या वृद्ध ग्रामस्थाला आणि तिसरीतील विद्यार्थ्याला वाचावयास सांगावा. दोघेही न अडखळता वाचू शकले, तर ते वळण गावाच्या उपयोगाचे आहे असे खुशाल समजावे.