सिकलसेलग्रस्त बालकांना अल्प मात्रेचा आधार

तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. वर्धा, नागपूरसह विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या आढळणारा हा आनुवंशिक आजार म्हणजे सिकलसेल. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन यांनी गंभीर रुग्ण असलेल्या बालकांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध दररोज प्रतिकिलो वजनामागे केवळ १० मिलिग्रॅम दिले. वेदनेचे झटके व रक्त देण्याची गरज त्यामुळे घटल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसून आले. तथापि, या औषधाने आजार समूळ जात नाही. वाहक व्यक्ती निरोगीच दिसते. मात्र आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजाराचा धोका २५ टक्के असतो. म्हणूनच विवाहापूर्वी रक्ततपासणी आवश्यक ठरते.