फुल स्टॅक म्हणजे काय रे भाऊ?

थर्ड इयर सुरू झालं की होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये दोनच शब्द घुमायला लागतात... प्लेसमेंट आणि फुल स्टॅक! कुणी कुठल्यातरी क्लासचं पत्रक घेऊन येतं, कुणी 'साठ तासांत फुल स्टॅक' असा व्हिडिओ डाउनलोड करून ठेवतं. कॉम्प्युटरवाले तर सोडाच, मेकॅनिकल आणि सिव्हिलची मंडळीही विचारतात, "हे शिकलं की लागते का गं नोकरी?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिन्ही कंपन्यांची कर्मचारीसंख्या आधीच्या वर्षापेक्षा घटली. ज्या कंपन्यांच्या भरवशावर आपले सीनियर निवांत असायचे, त्यांचीच ही गत. त्यामुळे घरून पैसे मागवून क्लासची फी भरण्याआधी ही भानगड नेमकी आहे काय, ते तरी कळायला हवं.

स्टॅक म्हणजे थर. (डेटा स्ट्रक्चर्समधला पुश-पॉपवाला स्टॅक तो वेगळा, व्हायव्हात गोंधळ करू नका!) वेबसाइटचे ढोबळ तीन थर. डोळ्यांना दिसतं ते ब्राउझरमधलं पान, म्हणजे फ्रंट एंड. त्यामागे सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम, म्हणजे बॅक एंड. आणि सगळ्यांत खाली माहिती साठवणारा डेटाबेस. तिन्ही ठिकाणी काम करू शकतो तो फुल स्टॅक डेव्हलपर. व्याख्या एवढीच. पण एवढ्यावर कुणी नोकरी देत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ.

आमच्या मेसचा नियम तुम्हाला माहीत आहेच. घरी जाणार असाल तर आदल्या रात्री नऊच्या आत वहीत खाडा लिहायचा, म्हणजे त्या दिवसाचे पैसे बिलातून वजा. महिनाअखेर भांडण ठरलेलं. "काका, मी लिहिला होता!" "वहीत कुठाय?" ही वही वेबसाइटवर आणायची असं मी आणि माझ्या रूममेटने ठरवलं. आता बघा, 'उद्याचा खाडा' हे एक बटण दाबल्यावर काय काय होतं.

बटण दिसतं ते एचटीएमएलमुळे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली, तिचाच हा भाग. बटणाचा रंग, आकार हे सीएसएसचं काम. बटण दाबल्यावर हालचाल करते ती जावास्क्रिप्ट. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत तयार केली, आणि तिचे काही विचित्र नियम पाहिले की ती दहा दिवसांचीच आहे यावर विश्वास बसतो!

जावास्क्रिप्ट सर्व्हरला एक विनंती पाठवते : अमुक विद्यार्थिनी, अमुक तारीख, खाडा. ती पोचण्यासाठी आधी डीएनएस नावावरून पत्ता शोधतो, मग टीसीपीचा तीन टप्प्यांचा हँडशेक होतो, मग एचटीटीपीच्या नियमांनी मजकूर जातो. ओळखीचं वाटतंय ना? कॉम्प्युटर नेटवर्क्सचं दुसरं-तिसरं युनिट, जे आपण परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतो. डेटाबेसचंही तेच. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेलं रिलेशनल मॉडेल आपण दहा मार्कांसाठी लिहितो, आणि क्लासमध्ये तेच नवीन वस्तू म्हणून विकत घेतो. सर, मॅडम, आपण हे वाचत असाल तर एक विनंती : प्रॅक्टिकलला लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिमऐवजी मेसचं बिल द्या, सगळी मुलं हजर राहतील.

विनंती सर्व्हरवर पोचली. इथे खरी गंमत आहे आणि नवखा माणूस इथेच घाई करतो. नऊ वाजून गेले की बटण बंद करायचं, हे ब्राउझरमध्ये एका ओळीत जमतं. पण ब्राउझर वापरणाऱ्याच्या हातात असतो! एफ १२ दाबून कुणीही बटण पुन्हा चालू करील, नाहीतर लॅपटॉपचं घड्याळ मागे करील. आपल्याच होस्टेलमध्ये असे किती निघतील ते सांगायला नको. म्हणून नऊचा नियम सर्व्हरवर तपासायचा. ब्राउझरमधली तपासणी सोयीसाठी, सर्व्हरमधली विश्वासासाठी.

त्यातही एक मेख आहे. सर्व्हर बहुधा यूटीसी वेळेवर चालतात, आणि आपली वेळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे. समजा १४ तारखेच्या रात्री एक वाजता कुणी 'उद्याचा खाडा' दाबला. आपल्या लेखी उद्या म्हणजे १५. पण सर्व्हरच्या घड्याळात अजून १३ तारखेचे संध्याकाळचे साडेसात वाजलेत, त्याच्या लेखी उद्या म्हणजे १४. खाडा एक दिवस चुकीचा, पैसे गेले, भांडण परत! म्हणून वेळ मोजताना भारतीय वेळ हिशोबात धरायची, हे कोडमध्ये स्पष्ट लिहावं लागतं.

आता डेटाबेस. होस्टेलचं वायफाय कसं आहे ते सर्वज्ञात आहे. बटण दाबलं, काहीच झालं नाही, म्हणून पुन्हा दाबलं... दोन खाडे. यावर उपाय म्हणजे टेबलमध्येच 'एक विद्यार्थी, एक तारीख, एकच नोंद' अशी युनिक अट घालायची. मग दुसरी नोंद डेटाबेस स्वतःच नाकारतो. पासवर्ड जसाच्या तसा कधीच साठवायचा नाही, बीक्रिप्टसारख्या पद्धतीने त्याचा हॅश ठेवायचा. आणि वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर एसक्यूएलच्या वाक्यात सरळ चिकटवायचा नाही, पॅरामीटर म्हणून द्यायचा. नाहीतर नावाच्या जागी एसक्यूएलचीच आज्ञा लिहून कुणी सगळ्यांची बिलं शून्य करील. (मोह होणं साहजिक आहे!)

शेवटी उत्तर परत येतं, आकड्यासकट. २०१ म्हणजे नोंद झाली, ४०४ म्हणजे सापडलं नाही, ५०० म्हणजे सर्व्हरमध्येच काहीतरी बिघडलं. हा एवढा प्रवास ज्याला न अडखळता सांगता येतो, त्याला फुल स्टॅक येतं असं माझं स्पष्ट मत आहे. मग वापरलेली साधनं कोणतीही असोत.

साधनांचं म्हणाल तर ती फॅशनसारखी बदलतात. एकेकाळी लॅम्प जोरात होतं : लिनक्स, अपाची, मायएसक्यूएल, पीएचपी. २००९ मध्ये नोड आलं आणि जावास्क्रिप्ट सर्व्हरवरही चालू लागली. २०१३ मध्ये फेसबुकने रिअ‍ॅक्ट सर्वांना खुलं केलं. त्यातून मर्न हा आजचा लाडका शब्द : मॉन्गोडीबी, एक्सप्रेस, रिअ‍ॅक्ट, नोड. आम्ही मॉन्गोडीबीऐवजी पोस्टग्रेस घेतलं, कारण खाडा, विद्यार्थी, बिल यांची नाती टेबलांत सरळ बसतात. व्हिडिओत दाखवतात म्हणून घेऊ नका, हिशोबाला काय लागतं ते बघा. शिवाय व्हिडिओ जुने होतात. कितीतरी व्हिडिओ 'आता हेरोकूवर फुकट टाका' असं सांगून संपतात, पण हेरोकूची फुकट सोय नोव्हेंबर २०२२ मध्येच बंद झाली. बघणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय!

त्यापेक्षा मूळ कागदपत्रं वाचा. एमडीएन आणि द ओडिन प्रोजेक्ट, दोन्ही फुकट. इथे इंग्रजीची भीती आड येते. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे मला ती कधी जाणवली नाही. रूममेट मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली. पहिले पंधरा दिवस ती एमडीएनचं पान उघडायची आणि बंद करायची. मग तिने एक वही केली. रिटर्न, ओव्हरराइड, डेप्रिकेटेड, असे तेच ते शब्द फिरून फिरून येतात, प्रत्येकापुढे मराठीत अर्थ. वही अर्धीही भरली नाही आणि तिला पानं समजू लागली. आज एरर मेसेज ती माझ्यापेक्षा नीट वाचते, कारण मी भराभर वाचून पुढे जाते आणि ती शब्दन् शब्द वाचते.

एआयचं विचाराल, तर वापरा. तो दोन मिनिटांत अख्खं लॉगिन पान लिहून देतो. पण इंटरव्ह्यूमध्ये "ही ओळ काढली तर काय होईल?" असं विचारल्यावर तो शेजारी बसलेला नसतो. आम्ही नियम केला होता : त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ एकीने दुसरीला मराठीत समजावायची. जिथे बोलणं अडलं, तिथे अभ्यास.

आता मूळ प्रश्न, नोकरी लागते का? नुसत्या सर्टिफिकेटवर लागते असं मला दिसलेलं नाही. अ‍ॅप्टिट्यूड आणि डेटा स्ट्रक्चर्सचे राउंड आहेतच, ते चुकत नाहीत. पण रिझ्युमेवर चालू असलेल्या साइटचा पत्ता असला, गिटमध्ये महिनोन् महिन्यांच्या नोंदी असल्या, की पुढचा माणूस त्याबद्दलच विचारतो, आणि बोलणं आपल्या मैदानात येतं. रूममेटला एका छोट्या कंपनीच्या इंटर्नशिपसाठी पाऊण तास फक्त यूटीसीचा घोळ आणि डबल क्लिक यावरच विचारलं. मिळाली तिला. मी अजून रांगेत आहे. कॉलेज सांभाळून रोज दोन-तीन तास दिले तर इथपर्यंत यायला सहाएक महिने लागतात, 'साठ तासांत' नाही.

मेसच्या काकांना आमचं रंगीत पान मुळीच आवडलं नाही. त्यांना रात्री नऊला एकच आकडा हवा असतो : उद्या किती पानं? म्हणून त्यांच्यासाठी वेगळं पान केलं, त्यावर मोठ्या अक्षरात तेवढा आकडा. सध्या त्यांची मागणी आहे की पाहुण्यांचं जेवणही त्यात आणा. ते टेबल अजून ठरलेलं नाही, कारण पाहुण्याचं बिल कुणाच्या नावावर, यावर काका आणि आमचं एकमत होईना. कुणाला त्यात हात घालायचा असेल तर रात्री जेवणानंतर रीडिंग हॉलमध्ये या, लॅपटॉप नसला तरी चालेल.