कुरणातले गवत आणि जंबुपार किरण

पवनेच्या काठचे पिंपळे सौदागर हे एके काळी शेतकऱ्यांचे गाव. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत. अशा गावांच्या आसपास ज्यांनी गाई-म्हशी राखल्या, त्यांना मोकळे कुरण कुठले? चारा कापून, वाळवून साठवावा लागतो. म्हणून ऊन चाऱ्याला काय करते, हे समजून घेतलेले बरे.

उन्हात दिसणारा प्रकाश असतो, तसे इंद्रधनुष्यातल्या जांभळ्या रंगापलीकडचे न दिसणारे किरणही असतात. त्यांना जंबुपार किंवा अतिनील किरण म्हणतात. त्यांतले सर्वांत घातक किरण हवेतच अडतात. पुढचे बरेचसे ओझोनचा थर शोषून घेतो. उरलेले थोडे गवतापर्यंत पोचतात.

गवत काही सावलीला पळू शकत नाही. ते पानाच्या वरच्या पापुद्र्यात फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्ये साठवते. ती हे किरण गिळतात आणि आतला हिरवा भाग वाचतो. पण या बचावाला खर्च पडतो. किरण फार झाले तर पेरी आखूड राहतात, पाने लहान नि जाड होतात. न्यूझीलंडमध्ये पांढऱ्या क्लोव्हरवर, म्हणजे आपल्या बरसीमच्या भाऊबंदावर, प्रयोग झाले. जोमाने वाढणारे वाण जास्त खुरटले. हलक्या जागेतले, सावकाश वाढणारे वाण तगून राहिले.

कापलेल्या चाऱ्यावर मात्र या किरणांचा उपकारही होतो. १९२४ साली अमेरिकेत हॅरी स्टीनबॉक यांनी दाखवून दिले, की हे किरण दिलेल्या खाद्याने मुडदूस टळतो. उन्हात वाळणाऱ्या गवतात हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व तयार होते. पण ऊन लांबले, की हिरवेपणाबरोबर कॅरोटीन जाते, आणि गुरांना अ जीवनसत्त्व मिळते ते त्याच्यापासूनच.

तेव्हा दोन्ही साधावे. चारा पातळ पसरून उन्हात वाळवावा, अधूनमधून उलटावा आणि खडखडीत वाळताच आडोशाला रचावा. ओला रचला तर बुरशी धरेल. उन्हात पडून राहिला तर पांढरा पडेल. लसूणघास सकाळच्या दवात उलटावा, म्हणजे पाने झडत नाहीत. बांधलेल्या जनावरांनाही रोज थोडे ऊन दाखवावे.

गुरुजनांनी मुलांकडून एकाच गवताच्या दोन मुठी, एक उन्हात व एक सावलीत, आठ दिवस ठेववून घ्याव्यात. रंगातला फरक मुलांना आपोआप कळेल.